पेजेवरची फुंकर

बुधवारी वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात
तहसीन मुकादम नावाची पोरगी
माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली,
“मावशी, घ्या श्वास.”
मी घेतला. खांदे कानांपाशी गेले,
गळ्याच्या शिरा ताठल्या,
तिचा हात मात्र होता तिथेच,
ओहोटीला चिखलात रुतलेल्या होडीसारखा.

“कधीपासून असा वरच्यावर घेता?”
आता याची तारीख कोण लिहून ठेवतं?

काजूच्या शेडमध्ये बावीस वर्षं.
भट्टीतून बिया निघाल्या की जो धूर सुटतो
तो डोळ्यांना झोंबतो, घशाला चिकटून बसतो.
आम्ही बाया पदर दातांत धरून
तोंड मिटून घ्यायचो.
एक बी, फट्.
अख्खा गर निघाला तर पुरा दर,
तुकडा पडला की पैसे कापले.
म्हणून प्रत्येक बीला श्वास धरायचा,
सुईत दोरा ओवताना धरतात तसा.

शेड सुटली, सवय सुटली नाही.
रेशनच्या मशीनवर अंगठा उमटेना, श्वास धरलेला.
रात्री साडेअकराला मस्कतहून मुलाचा फोन,
धरलेला.
कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंतसुद्धा,
कशाला ते देव जाणे.

भिंतीवर निळ्या समुद्राचं चित्र, खाली अक्षरं:
लाटेसारखा श्वास घ्या.
मी म्हटलं, “बाय, दर्यो माका शिकवू नको.
आसाडात तो असो श्वास घेता काय?
माझ्या मामाची होडी खंय व्हेली, ता तेका इचार.”
ती हसली. मग जरा गप्प झाली.
म्हणाली, “बरं. पेज गरम असली तर काय करता?”
“फुकतंय.”
“जोरात?”
“जोरात फुकलंय तर सांडात ना!”
“मग तशीच सोडा. नाकाने आत,
ओठांचा चंबू करून बाहेर,
घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ.
पेज सांडता कामा नये.”

दुपारी पडवीत उताणी पडले,
बेंबीवर करवंटी पालथी ठेवली.
आठ दिवस ती हलेना.
शेजारचा मिंगेल कुंपणावरून बघून म्हणाला,
“द्रौपदीमावशी कासव पाळता!”
नवव्या दिवशी, झोपेच्या काठावर,
करवंटी वर आली,
इतकीशी,
आणि खाली गेली.
आनंदाने मी श्वासच धरला.

आता बंदरावरून घाटी चढताना
दोन पायऱ्या आत, चार पायऱ्या बाहेर.
टोपलीत बांगडे असले की चाराच्या तीन होतात.
मधेच कुणी हाक मारली तर हिशेब चुकतो.
कधी आठवडाभर आठवतच नाही.
खोकला आहे तो आहेच.
आत बसलेला धूर काही
करवंटीला घाबरून परत जाणार नाही,
हे तहसीनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
गोड बोलून लपवलं नाही,
म्हणून तर मी दर बुधवारी जाते.

गेल्या बुधवारी माझ्या दंडाला पट्टा बांधताना
टेबलावर तिचा फोन थरथरला.
राजापूरचा असावा, घरचा.
तिने पाहिला. उचलला नाही. पालथा घातला.
आणि तिचे खांदे
हळूहळू कानांकडे निघाले.

मी ओळखते ते खांदे.
बावीस वर्षं ओळीने बसलेले पाहिलेत.

पट्टा तसाच अर्धा सोडून
मी तिचा हात धरला.
म्हटलं, “तहसीन, पेज.”

तिने सोडला.
सोडतच राहिली बराच वेळ.
बाहेर कुणीतरी नंबर पुकारला, सतरा,
पुन्हा पुकारला,
आम्ही दोघीही उठलो नाही.